केबल तोडण्याआधी

केबलचे पैसे दर महिन्याला जातात, पण ते कशाकशाचे जातात हे घरात फारसं कुणाला ठाऊक नसतं. केबलवाला दाराशी येतो, ‘अडीचशे’ म्हणतो, आपण देतो. पावती मागितली तर मिळते, नाही मागितली तर नाही. मग एखाद्या महिन्यात तोच आकडा तीनशेवर जातो आणि रात्री जेवताना विषय निघतो: काढून टाकूया का ही केबल? पोरं मोबाईलमध्ये असतात, आबा बातम्या बघतात आणि आईच्या तीन मालिका. एवढ्यासाठी वर्षाला तीन-साडेतीन हजार कशाला?

प्रश्न रास्त आहे. पण उत्तर द्यायच्या आधी ते बिल सोलून बघावं लागतं. स्वस्त म्हणून जे पर्याय सांगितले जातात, त्यांतले काही खरंच स्वस्त आहेत आणि काहींचे पैसे फक्त दुसऱ्या खिशातून जातात.

आजच्या बिलाचा सांगाडा १ फेब्रुवारी २०१९ ला तयार झाला. त्या दिवसापासून दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, म्हणजे ‘ट्राय’ची, नवी दरपद्धत लागू झाली आणि बिलाचे दोन भाग पडले. पहिला भाग तारेचा: नेटवर्क कपॅसिटी फी, कमाल १३० रुपये. तेवढ्यात आधी १०० वाहिन्या मिळत, मार्च २०२० पासून २०० मिळू लागल्या. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की होतात १५३ रुपये ४० पैसे. इथपर्यंत एकही पैसे देऊन बघायची वाहिनी आलेली नसते. दूरदर्शनच्या आणि इतर फुकट वाहिन्या तेवढ्या येतात. दुसरा भाग पे वाहिन्यांचा. ज्याला जी हवी त्याने तिचे पैसे भरायचे, सुटी घ्या किंवा गठ्ठ्याने घ्या. गठ्ठ्यात घालायच्या वाहिनीची सुटी किंमत १९ रुपयांच्या वर नसावी, असंही बंधन आहे.

आता आईच्या तीन मालिका तीन वेगळ्या मराठी वाहिन्यांवर आहेत असं धरा आणि प्रत्येकीचे वरच्या टोकाचे १९ रुपये लावा. झाले ५७. त्यात तारेचे १३० मिळवले की १८७, आणि कर धरून २२० रुपये ६६ पैसे. म्हणजे अडीचशे-तीनशेच्या बिलातले वरचे पैसे बहुधा अशा वाहिन्यांचे असतात, ज्या त्या घरात कुणी लावत नाही. तमिळ सिनेमे, इंग्रजी कार्टून, जुगलबंदी चालावी तशा एकापुढे एक बातम्यांच्या हिंदी वाहिन्या. गठ्ठ्यात आल्या म्हणून आल्या.

एक खबरदारी घ्यायला हवी. जुलै २०२४ मध्ये ट्रायने तारेच्या फीवरची कमाल मर्यादाच काढून टाकली. कंपन्या आता आपापली फी ठरवू शकतात. त्यामुळे १३० हा आकडा आज कायदा नाही, मोजपट्टी आहे. आपलं बिल त्या पट्टीला लावून बघायचं.

यात केबलवाल्याला काय मिळतं? वरची मोठी कंपनी आणि गावचा चालक यांच्यात दुसरं काही ठरलं नसेल, तर तारेच्या फीची वाटणी ५५ आणि ४५ अशी असते. म्हणजे १३० मधले ५८ रुपये ५० पैसे त्याचे. एवढ्यात त्याने खांबाखांबावरून तार न्यायची, पावसात तुटली की जोडायची, गल्लोगल्ली वसुली करायची. डिजिटल होण्यापूर्वीचे दिवस त्याला आठवत असणार. तेव्हा सगळं एकाच दरात होतं, एका तारेला चार जोड मारता येत आणि किती घरांत केबल आहे हे वरच्या कंपनीला नक्की कधीच कळत नसे. सरकारने केबल डिजिटल करायला घेतली त्यामागे हे एक मोठं कारण होतं. मुंबईत ते २०१२ मध्ये झालं, पुणे-नाशिकसारख्या शहरांत २०१३ मध्ये. खेड्यापाड्यांचा नंबर चौथ्या, शेवटच्या टप्प्यात लागला आणि त्याची मुदत वाढत वाढत मार्च २०१७ पर्यंत गेली. बॉक्स आला तसा प्रत्येक घराचा हिशेब वर दिसू लागला. चालक सुट्या वाहिन्यांऐवजी गठ्ठा गळ्यात का मारतो, हे एवढ्यावरून समजावं. सुट्याचा हिशेब ठेवणं त्याला परवडत नाही.

आता सातारा जिल्ह्यातल्या पाटणकडे येऊ, कारण कुठलं साधन स्वस्त पडेल हे इथे डोंगर ठरवतात.

पाटण कोयना आणि केरा यांच्या संगमावर वसलेलं आहे. कऱ्हाडकडून येताना खोरं मोकळं असतं. पाटण सोडून हेळवाककडे निघालं की दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ येत जातात आणि कोयनानगरपुढे रस्ता कुंभार्ली घाटात शिरतो. एका अंगाला मोरगिरीचं खोरं, त्याच्या पलीकडे वांग नदीचं ढेबेवाडीचं खोरं. वर सडावाघापूर, वनकुसवडेची पठारं, पवनचक्क्यांची. अशा मुलखात जमिनीवरून येणारी कुठलीही लहर सरळ रेषेत चालते आणि डोंगर आला की अडते. ॲन्टेनाच्या काळात पठारावरच्या घरात चित्र स्वच्छ आणि खाली खोऱ्यात पडद्यावर नुसत्या मुंग्या, हा प्रकार त्यातूनच होई. मोबाईलची रेंज आज तशीच वागते. घराच्या एका कोपऱ्यात दोन काड्या, चुलीपाशी शून्य.

केबलची अडचण निराळी आहे. तारेला डोंगर अडवत नाही, पैसा अडवतो. पंधरा-वीस उंबऱ्यांच्या वाडीसाठी चार किलोमीटर तार वर चढवून चालकाला काय सुटणार? म्हणून बाजारपेठ, तिच्या आसपासची मोठी गावं आणि हमरस्त्यालगतची वस्ती एवढ्यात केबल खेळते. वरच्या वाड्यांना ‘केबल तोडू का’ हा प्रश्न पडत नाही, कारण ती तिथे आलेलीच नसते. तिथे आधी डिश आली.

डिशचं गणित वेगळं आहे. दूरदर्शनचं डीडी फ्री डिश ज्या उपग्रहावरून येतं, तो जीसॅट-१५ विषुववृत्तावर पूर्वेकडे ९३.५ अंश रेखांशावर आहे. पाटणहून बघितलं तर तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ६० अंश वर असतो. जवळजवळ डोक्यावरच म्हणा. खोरं कितीही अरुंद असलं तरी ६० अंश उंचीपर्यंत डोंगर क्वचितच येतो. टॉवरची रेंज जिथे पोचत नाही, त्या घळीतल्या घरालाही उपग्रह दिसतो. डिश नुसती बघून हे लक्षात येत नाही. ती तर समोरच्या डोंगराकडे तोंड करून उभी असल्यासारखी वाटते. तिची बनावट तिरपी असते, त्यामुळे ती दिसते त्यापेक्षा बरीच वर बघत असते.

डोंगर आड येत नाही, पण झाड येतं. मे महिन्यात साग उघडाबोडका असताना त्याच्या मागे बसवलेली डिश झकास चालते. जूनमध्ये पालवी भरते आणि चित्र जातं. घरात सगळे पावसाला बोल लावतात. पावसाची सर ओसरल्यावरही चित्र परत आलं नाही, तर आधी झाडाकडे बघावं, मग तारेच्या टोकाच्या पिनीला गंज चढलाय का ते. बॉक्सच्या सेटिंगमध्ये दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. डिश भलतीकडे वळलेली असली तरी स्ट्रेंग्थची पट्टी भरलेली दिसू शकते. बघायची ती क्वालिटीची.

पावसाचा त्रास होतोच. घरगुती डिशकडे येणाऱ्या लहरी ११-१२ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या असतात आणि पावसाचे दाट थेंब त्या शोषून घेतात, विखरून टाकतात. कोयनानगर-नवजा पट्ट्यात वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या आगेमागे पाऊस पडतो. तिथे जुलैत संध्याकाळच्या मालिकेचा नेमका महत्त्वाचा प्रसंग सरीत वाहून जाणं नवं नाही. मात्र सर हलकी झाली की चित्र आपसूक येतं. त्या वेळी कौलावर चढून डिश हलवणं हा शुद्ध वेडेपणा. एक तर पाय घसरतो आणि डिशची दिशा जाते ती जातेच. केबलचं याउलट असतं. केबल कंपनीची मुख्य डिश मोठी असते आणि ती बऱ्याचशा वाहिन्या साधारण ४ गिगाहर्ट्झवर घेते, जिथे पावसाचा फारसा उपद्रव नाही. पण पुढची तार आणि खांबाखांबावरचे ॲम्प्लिफायर यांना वीज लागते. १,९६० मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प ज्या धरणावर चालतो त्याच्या खालच्या गावांत वादळवाऱ्यात लाईट जाते, याला काय म्हणावं? घरी इन्व्हर्टर असला तरी वाटेतल्या ॲम्प्लिफायरची वीज गेली की केबल बंद. डिशला फक्त आपल्या घरची वीज पुरते.

फ्री डिशचा खर्च एकदाच होतो: डिश, बॉक्स, तार, बसवणावळ मिळून दीड ते दोन हजारांच्या आसपास. महिन्याचं काही नाही. डिसेंबर २००४ मध्ये ही सेवा सुरू झाली तेव्हा तिचं नाव डीडी डायरेक्ट प्लस होतं. बॉक्स घेताना जुन्या एमपीईजी-२ पद्धतीचा न घेता एमपीईजी-४ चा घ्यावा, वाहिन्या जास्त मिळतात. त्यावर सह्याद्री असते, दूरदर्शनच्या बाकी वाहिन्या असतात, बातम्या, हिंदी सिनेमे, भक्तीच्या वाहिन्या असतात. खासगी वाहिन्यांना तिथली जागा लिलावात घ्यावी लागते. त्यामुळे त्या येतात तशा जातातही. बड्या कंपन्यांच्या हिंदी करमणुकीच्या वाहिन्या २०१९ मध्ये फ्री डिशवरून उतरल्या, २०२० मध्ये परतल्या आणि १ एप्रिल २०२२ ला स्टार उत्सव, झी अनमोल, कलर्स रिश्ते, सोनी पल या चौघी पुन्हा एकदम गेल्या. फुकट दाखवून लोक केबल किंवा डीटीएच, म्हणजे खासगी कंपन्यांची पैसे भरायची डिश, सोडू लागले तर आपल्याच पे वाहिन्यांचं गिऱ्हाईक तुटतं, हे त्यामागचं साधं व्यापारी गणित. पुढच्या लिलावांत काहींनी परत जागा घेतली. फ्री डिश घेणाऱ्याने हा चढउतार धरूनच चालावं.

क्रिकेटची एक गंमत बहुतेकांना माहीत नसते. २००७ च्या कायद्यानुसार देशाच्या दृष्टीने महत्त्वाच्या ठरवलेल्या सामन्यांचं प्रक्षेपण हक्क घेतलेल्या खासगी कंपनीने प्रसार भारतीला द्यावंच लागतं. भारताच्या पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामने त्या यादीत आहेत. मात्र सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये ठरवलं, की हे दिलेलं प्रक्षेपण दूरदर्शनने स्वतःच्या जमिनीवरच्या जाळ्यावर आणि फ्री डिशवरच दाखवायचं. केबल आणि खासगी डीटीएचवर जी दूरदर्शनची वाहिनी येते, तिच्यावर ते चालणार नाही. म्हणजे तीनशे रुपये भरणाऱ्याला हा सामना बघायचा तर क्रीडावाहिनीचे आणखी पैसे, आणि फ्री डिशवाल्याला डीडी स्पोर्ट्सवर फुकट. गावातल्या पारावर डोकं खाजवावं असाच हा कायदा आहे. आयपीएलला मात्र तो लागू नाही.

मग फ्री डिशवर काय नाही? नेमक्या आईच्या तीन मालिका. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी या पे वाहिन्या आहेत. अल्फा टीव्ही मराठी (आजची झी मराठी) १९९९ मध्ये आणि ईटीव्ही मराठी (आजची कलर्स मराठी) २००० मध्ये आली, तेव्हापासून मराठी घराची संध्याकाळ सात ते दहा अशी बांधली गेली आहे. केबलचं बिल म्हणजे मुख्यतः या तीन तासांचं बिल. बाकी सगळं फुकटात मिळू शकतं, हे तीन तास मिळत नाहीत. म्हणून ‘केबल ठेवायची का’ या प्रश्नात निर्णय घ्यायचा हक्क खरं तर त्या बाईचा असतो जिच्या त्या मालिका आहेत, आणि बहुतेक घरांत तिलाच सोडून चर्चा होते.

‘मोबाईलवर बघ की’ हा पोरांचा ठरलेला सल्ला. त्याचा हिशेब करून बघावा. साध्या दर्जाचं चित्र तासाला एक जीबीपर्यंत डेटा खातं, एचडी घेतलं तर तीन जीबीपर्यंत. तीन तासांच्या मालिकांना रोज दोन-तीन जीबी लागणार आणि पॅक असतो दिवसाला दीड-दोन जीबीचा. झी मराठीच्या मालिका झी-फाइव्हवर, सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर. स्टार आणि कलर्सच्या कंपन्या नोव्हेंबर २०२४ मध्ये एकत्र आल्यावर त्या दोन वाहिन्या फेब्रुवारी २०२५ पासून जिओहॉटस्टारवर एका जागी आल्या, तेवढीच एक अडचण कमी झाली. जिओहॉटस्टारचा सुरुवातीचा स्वस्त पॅक होता तीन महिन्यांना १४९ रुपये, पण फक्त मोबाईलपुरता. भिंतीवरच्या टीव्हीला तो चालत नाही. सहा इंची पडद्यावर, चष्मा कपाळावर सरकवून, मध्येच कुणाचा फोन आला की प्रसंग तुटत मालिका बघणं हे काही टीव्ही बघणं नव्हे. शिवाय आज स्वस्त असलेली गोष्ट उद्या तशीच राहील याची हमी नाही. जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी मोबाईल कंपन्यांनी एका आठवड्यात दर वाढवले, तेव्हा केबल तोडून डेटावर गेलेल्या घरांची बचत बरीच वितळली असेल.

घरात आधीच फायबरचं इंटरनेट असेल, पोराच्या अभ्यासासाठी किंवा घरून कामासाठी घेतलेलं, तर मात्र चित्र पालटतं. ते पैसे कसेही जाणारच असतात, वर एक-दोन ॲप घेतली की केबल खरंच फालतू होते. आता कित्येक ठिकाणी हे फायबर पुरवणारा तोच जुना केबलवाला असतो. टीव्हीच्या तारेत ५८ रुपये सुटतात हे त्याला आपल्याआधी कळलेलं आहे. देशभरात डीटीएचची गिऱ्हाइकं २०२० च्या शेवटी सात कोटींवर होती, २०२४ च्या शेवटी ती सहा कोटींच्या खाली आली. लोक वरच्या बाजूला इंटरनेटकडे आणि खालच्या बाजूला फ्री डिशकडे असे दोन्हीकडून गळत आहेत.

पाटण तालुक्यात आणखी एका प्रकारचं घर असतं: कुलूपबंद. माथाडी कामगारांची संघटना बांधणारे अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे, आणि त्यांच्या मागून मुंबईच्या बाजारात गेलेल्या कुटुंबांची आज घणसोली, कोपरखैरण्यात घरं आहेत. गावचं घर यात्रेला, गणपतीला आणि मे महिन्यात उघडतं. अशा घरात महिन्याच्या भाड्याची केबल ठेवणं म्हणजे पैसे कोयनेत सोडणं. तिथे फ्री डिशला तोड नाही. सहा महिन्यांनी कुलूप काढा, बटण दाबा, चालू. केबल ठेवायचीच असेल तर ती तात्पुरती बंद करून घ्यायची सोय नियमांत आहे, पुऱ्या महिन्यांच्या हिशेबाने. अर्ज मात्र आपण द्यावा लागतो. चालक स्वतःहून ‘तुमचं बंद करतो’ म्हणणार नाही.

राहता राहिलं केबलच्या बाजूने बोलायचं. तिची एक गोष्ट कुठल्याच बिलात दिसत नाही. आबांनी रिमोटचं भलतंच बटण दाबलं आणि पडद्यावर निळा रंग आला, की केबलवाल्याचं पोरगं मोटारसायकलवर येऊन दोन मिनिटांत नीट करून जातं. उसाचं बिल अडकलं असेल तर दोन महिने थांबतं. डीटीएचला रिचार्ज संपला त्या रात्री चित्र जातं आणि तक्रार करायची ती कुठल्या तरी दूरच्या कॉल सेंटरला, ‘हिंदीसाठी दोन दाबा’ करत. एकटी म्हातारी माणसं असलेल्या घरात या सेवेची किंमत मी तरी महिना पन्नास-शंभर रुपये धरेन. केबलही काही अढळ नाही म्हणा. फेब्रुवारी २०२३ मध्ये नव्या दरांवरून भांडण झालं, तेव्हा स्टार, झी, सोनीने करार न करणाऱ्या केबल कंपन्यांच्या वाहिन्या काही दिवस बंदच केल्या होत्या. पैसे भरलेले गिऱ्हाईक आणि पडदा काळा.

एवढं सगळं मोजल्यावर माझं मत असं, की मालिका बघणाऱ्या घराने केबल तोडू नये, छाटावी. आठवडाभर टीव्हीजवळ एक कागद ठेवायचा आणि जी वाहिनी लावली तिचं नाव लिहायचं, ज्याने लावली त्याने. आठवड्याच्या शेवटी त्या कागदावर दहा-बारा नावं निघाली तर खूप झालं, आणि त्यांतली निम्मी फुकट असतात. उरलेल्या चार-पाच पे वाहिन्या सुट्या मागायच्या, एचडी नको म्हणायचं. एचडी वाहिनी महाग असते आणि मोजदादीत दोन वाहिन्यांची जागा घेते, आणि जुन्या २४ इंची टीव्हीवर ती ओळखूही येत नाही. क्रिकेटचं वेड असेल तर शेजारी एक फ्री डिश बसवून घ्यायची, म्हणजे क्रीडावाहिन्यांचा गठ्ठा गळतो. मालिका कुणीच बघत नसेल तर सरळ फ्री डिश. बॉक्स भाड्याचा असेल तर परत करून अनामत मागून घ्यायची. विकत घेतलेला असेल तर तो दुसऱ्या कंपनीकडे चालणार नाही हे धरून चालायचं.

पुढच्या महिन्यात केबलवाला आला की वाहिन्यांची ही चिठ्ठी त्याच्या हातात द्यायची. तो आधी म्हणेल, “काकू, असं सुटं मिळत नाही, पॅकच घ्यावा लागतो.” मिळतं. प्रत्येक पे वाहिनी सुटी देणं २०१९ पासून त्याच्या कंपनीला बंधनकारक आहे, आणि हे त्यालाही ठाऊक असतं.